समुद्रात मुंग्या नसतात

हल शहरात, हंबर नदी जिथे समुद्राला मिळते
त्याच्या जरा अलीकडे, मुलांच्या वॉर्डात,
दर चौथ्या मंगळवारी सव्वानऊला टेगन येते.
वय सात. गुडघे सुजलेले, बूट चमकीचे,
आणि मागे तिचा बाप, गोदीत क्रेन चालवणारा,
ज्याला सुई दिसली की भिंतीवरचं जिराफ
अचानक फार आवडायला लागतं.

मी शिरा शोधतो. तेच माझं काम.
मिरजेत शिकलो, इथे पोट भरतो.

इथे टोचताना म्हणायची रीत आहे:
बारीकसा ओरखडा.
आमच्याकडे म्हणतात: मुंगी चावेल, बस्स.
दोन्ही खोटं.
मला ती मुंगी चावली तेव्हा
मामाने खांदे दाबले होते, आईने पाय,
कंपाउंडरने कोपर रोवलं होतं पाठीत
आणि सगळे मिळून म्हणत होते, कुठे काय, कुठे काय.
अजून स्पिरिटचा वास आला
की माझी टाच लाथ मारायला जागा शोधते.
आणि दिवसभर स्पिरिटच्याच वासात असतो मी.

टेगनला कुणी धरत नाही.
बर्नडेट, जिला मुलांशी खेळण्याचा पगार मिळतो
(तोही बेताचाच),
तो जाडजूड चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवते,
पट्ट्यात अडकलेली वेणी सोडवते, विचारते,
उतरलीस का पाण्यात?
थांब, म्हणते टेगन.
मग म्हणते, हो.

आता खोलीत तिचं उघडं तोंड आहे,
पुढचे दोन दात पडलेलं,
आणि उशीवर एक हात,
ज्याची मालकीण पाण्याखाली आहे.
ऊबदार हात. अंगठ्याला हिरवी शाई.
मलमावरचा चिकट कागद काढला,
दंडाला पट्टा बांधला, बोटाने टिचक्या दिल्या.
शीर वर आली, बिचकली, सरकली,
परत आली.

आणि सवयीने निघून गेलं तोंडातून,
इंग्रजीत, पण मिरजेचंच:
मुंगी चावेल हं आता.

चष्म्याआडून आवाज आला, शांत, जरासा वैतागलेला:
समुद्रात मुंग्या नसतात.

सुई तशीच हातात.
बापाने जिराफावरून नजर काढली.
बरोबर आहे, मी म्हणालो. मग काय असतं?
तिने डावीकडे पाहिलं, वर पाहिलं,
एक देवमासा जाऊ दिला असावा, कारण बराच वेळ लागला.
खेकडा, ती म्हणाली. छोटा.
पण तो विचारून चावतो.

मी विचारलं.
बत्तीस वर्षं लोकांना टोचतोय,
सही घेतली आहे, अंगठा घेतला आहे,
असं विचारलं नव्हतं कधी.

हं, ती म्हणाली.
पायाचं बोट एकदा आखडलं. म्हणजे कळलं तिला.
नळीत लाल ठिपका उगवला
आणि ती खेकड्याला म्हणाली, पुरे आता.

चष्मा निघाला तेव्हा डोळ्यांभोवती तांबडं कडं.
तू कुठे होतास?
इथेच. तुझ्या हाताशी.
दिसला नाहीस, ती म्हणाली, आणि पट्टी तपासली,
कामगाराचं काम मुकादम तपासतो तशी.
खेकडा गार होता खूप.
त्याला सांग.

दुपारी चष्मा पुसून चार्जिंगला लावायचा होता.
दार लोटून घेतलं आणि घालून पाहिला.
निळं. काही विशेष नाही, निळं, आणि हलतं ऊन,
लांब कुठेतरी काहीतरी मोठं वळत होतं.
खाली पाहिलं तर मला हात नव्हते.
बनवणाऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल,
किंवा चांगलंच लक्षात असेल.
मी बराच वेळ तसा उभा होतो, बिनहाताचा,
बर्नडेटने दार वाजवेपर्यंत.

आज मंगळवार. नऊ वाजून दहा मिनिटं.
लिफ्टपाशी चमकीचे बूट वाजतायत.
मी बेसिनपाशी आहे,
नळ गरम पाण्याचा,
दोन्ही हात त्याखाली.